वर्गातला टॅब नेमका कशासाठी?

आमच्या शाळेत एक टीव्ही आहे. त्रेचाळीस इंची, भिंतीवर बसवलेला, आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांचा कापडी पडदा. खाली भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं दात्याचं नाव. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, त्याची रीतसर नोंद आहे. मी बदली होऊन या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, "बाई, तेवढ्या टीव्हीला हात लावू नका. बिघडला तर निर्लेखन करताना लई डोकेदुखी." निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू त्या वहीतून रीतसर कमी करणं. कुणी साहेब भेटीला येणार असले की पडदा बाजूला व्हायचा, कवितेचा व्हिडिओ लागायचा, पोरं टाळ्या वाजवायची, फोटो निघायचा. साहेबांची गाडी वळणाआड गेली की पडदा पुन्हा जागेवर.

यात कुणाचीच लबाडी नव्हती. देणाऱ्यानं मनापासून दिला होता, घेणाऱ्यांनी जिवापाड जपला होता. फक्त वर्गातलं कोणतं काम त्या टीव्हीनं करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. महाराष्ट्रात २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून किती तरी जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल' झाल्या. त्यातल्या काही खरोखर बदलल्या, बाकीच्यांत असे पडदे लागले. हा फरक कशानं पडतो, ते या लेखात सांगते.

आधी वर्ग कसा असतो ते बघू. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग, आणि माणसं दोन. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मिळून चोवीस पोरं. कागदावर दोन इयत्ता, पण वाचायला बसवलं की कळतं, खोलीत पाच इयत्ता आहेत. कुणी अक्षरं ओळखतं पण जोडून वाचत नाही, कुणी शब्दापर्यंत पोचलंय, कुणी परिच्छेदात अडखळतं, आणि दोघीतिघी मात्र गोष्टीचं पुस्तक संपवून दुसरं मागतात. हे एका शाळेचं रडगाणं नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतो. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, तो आकडा ४२.८ वर घसरला आणि २०२४ मध्ये ४८.८ वर आला. म्हणजे पाचवीचं पुस्तक उघडून शिकवायला उभं राहिलं, तर समोरच्या निम्म्या वर्गासाठी ते पान अजून उघडायचंच आहे.

हे शिक्षकाला कळत नाही असं नाही. हात दोनच असतात. मी चोवीस जणांना प्रत्येकी दहा वजाबाक्या दिल्या, तर तपासायला दोनशे चाळीस उदाहरणं. एकाला पाच सेकंद धरले तरी वीस मिनिटं. तेवढ्यात तास संपतो, वह्या टेबलावर राहतात, आणि आपलं काय चुकलं हे पोराला दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर त्यानं तीच चूक दहाही उदाहरणांत करून ठेवलेली असते. प्रत्येकाला त्याच्या पातळीचा सराव, आणि चूक झाल्या क्षणी 'इथं थांब' म्हणणारं कुणीतरी, हे काम एकटा शिक्षक चोवीस जणांसाठी एकाच वेळी करू शकत नाही. तंत्रज्ञानाला शाळेत खरी जागा आहे ती इथं.

टीव्ही दाखवतो, विचारत नाही. व्हिडिओतला वजाबाकीचा धडा सगळ्या पोरांना एकाच वेगानं दिसतो, म्हणजे फळ्यावर जी अडचण होती तीच आता रंगीत झाली. त्याचा उपयोग नाही असं म्हणत नाही. ज्वालामुखी, समुद्र, देवमाशाचं पिल्लू फळ्यावर काढून दाखवायची माझ्या अंगात कला नाही. चौथीच्या परिसर अभ्यासाला मी टीव्ही लावते, दहा मिनिटं, मध्येच थांबवून प्रश्न विचारत. पण वाचन आणि गणित, जिथं निम्मी पोरं मागं आहेत, तिथं नुसतं बघून हात वळत नाही. पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून कितीही छान हातवारे करू दे, पाण्यात उतरावंच लागतं.

आता पुरावा बघू. या विषयात मतं फार आणि मोजमाप थोडं, म्हणून जिथं नीट मोजलंय तिथं थांबून बघायला हवं. बडोद्याचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते हेच बडोदं. तिथल्या महापालिकेच्या शंभर शाळांना गुजरात सरकारनं २००० मध्ये प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम'नं पाहणी केली, तर यंत्रं होती, चालतही होती, पण वापर जवळपास नव्हता. वाचताना मला आमचा फुलाफुलांचा पडदाच दिसला. मग 'प्रथम'नं चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ त्या संगणकांवर टाकले. दोन मुलांत एक संगणक, आठवड्याला दोन तास. एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेआधी किंवा नंतर. उत्तर बरोबर आलं की उदाहरण अवघड होत जायचं. शेजारी मदतीला एक माणूस असायचा.

परिणाम मोजला अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटानं. हेच दोघं २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी, मायकेल क्रेमर यांच्यासोबत. त्यांच्या निबंधात आकडा आहे पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ 'प्रमाणित विचलन'. हा शब्द ऐकून पान उलटायचं कारण नाही. परिपाठाला पोरं गणिताच्या गुणांप्रमाणे ओळीत उभी केलीत असं धरा, एकूण शंभर. बरोबर मधला पन्नासावा पोरगा घ्या. ०.३५ म्हणजे ओळीतल्या आणखी चौदा जणांच्या पुढे जाऊन तो उभा राहिला. ०.४७ म्हणजे अठरा जणांच्या पुढे. आठवड्याला दोन तासांत, तेही दोघांत एक यंत्र असताना. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी उडी क्वचित दिसते.

दोन गोष्टी मात्र त्याच निबंधात आहेत आणि भाषणांत कुणी सांगत नाही. एक, फायदा गणितातच झाला, भाषेत नाही, कारण खेळ गणिताचेच होते. दुसरी, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. सराव बंद की कमाई बंद, पेटीवादकाला विचारा.

दुसरा प्रयोगही गुजरातेतलाच, 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांमधला. बडोद्याच्या अभ्यासातले एक संशोधक, ली लिंडन, यांनी तो तपासला. संगणकावरचा सराव दोन तऱ्हांनी दिला. काही ठिकाणी शाळेच्या तासात, म्हणजे शिकवण्याचा वेळ कापून. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादा. जादा दिला तिथं आपला मधला पोरगा दहाअकरा जणांच्या पुढे गेला. वेळ कापून दिला तिथं तो वीसेक जणांच्या मागं पडला! कारण सरळ आहे. ज्ञानशालेत बाई आधीपासूनच चांगलं शिकवत होत्या. त्यांच्या तासाच्या जागी यंत्र बसवलं म्हणजे दूध काढून टाकून भांड्यात ताक ओतलं. याचा अर्थ मी असा घेते की यंत्र आणायच्या आधी विचारावं, ते कशाच्या जागी येतंय? पोरं कंटाळून फळ्यावरचं उतरवत बसतात त्या वेळेच्या जागी आलं तर नफा. बाईच्या गोष्टीच्या जागी आलं तर तोटा.

तिसरा प्रयोग दिल्लीचा, 'माइंडस्पार्क' नावाच्या सॉफ्टवेअरचा. तो सहावी आणि त्यापुढच्या मुलांवर झाला, तरी आपल्या कामाचा आहे. सहावीत आलेली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं होती. सॉफ्टवेअर आधी चाचणी घेऊन मूल कुठं आहे ते शोधायचं आणि तिथूनच सुरू करायचं. सहावीतल्या मुलाला चौथीचं उदाहरण, तेही चारचौघांत न लाजवता. साडेचार महिन्यांत वाढ झाली गणितात ०.३७, हिंदीत ०.२३ प्रमाणित विचलन. त्यात रोज अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि पेरू देशातला चौथा. तिथं खेड्यातल्या शाळांना 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या योजनेतून यंत्रं वाटली. ३१९ शाळांचा अभ्यास झाला. सुमारे सव्वा वर्षानं गणित आणि भाषेत फरक शून्य. यंत्रं पोचली, पण यंत्रानं कोणतं काम करायचं ते पोचलं नाही.

आता जरा जवळून बघू. चौथीतल्या एका मुलीनं माझ्यासमोर ४२ वजा १७ चं उत्तर लिहिलं ३५. वहीत मी काय करते? लाल फुली, शेजारी बरोबर उत्तर २५. ती ते उतरवून घेते आणि उद्या ५३ वजा २८ चं उत्तर पुन्हा ३५ लिहिते. ६१ वजा ३४ चं ३३. तिन्ही चुका एकाच घरच्या आहेत. तिनं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, वर काय आणि खाली काय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिच्या मते तिनं नियमच पाळला. गडबड तिच्या मनातल्या नियमात आहे, आणि फुलीनं तो नियम हलत नाही.

चांगलं सॉफ्टवेअर इथं कामाला येतं. तीन उत्तरांवरून ते ओळखतं की हा निष्काळजीपणा नाही. मग पुढचं उदाहरण देत नाही, मागं जातं. पडद्यावर दहादहाच्या चार दांड्या आणि दोन सुटे ठोकळे येतात आणि विचारतं, यातून सात सुटे काढ. मुलगी दोन काढते. मग थांबते. बोट दांड्यांवर फिरतं. एका दांडीवर टिचकी मारली की तिचे दहा तुकडे होतात. "बाई, दशक फोडला!" ती ओरडते. हेच मी मण्यांच्या माळांवर करून घेते, काड्यांच्या जुडीवर करून घेते, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की त्या क्षणी मी दुसऱ्या कोपऱ्यात तिसरीच्या चौघांना 'क' ची बाराखडी वाचायला लावत होते, आणि तरी तिची चूक तिथल्या तिथं धरली गेली.

सगळी अ‍ॅप असं करत नाहीत. बहुतेक ठिकाणी चूक झाली की उदास चेहरा, बरोबर आलं की फुगे, आणि पुढचं उदाहरण. तो फुलीचाच रंगीत अवतार. अ‍ॅप निवडायचं असेल तर माझी एक साधी चाचणी आहे. मुलाला देण्याआधी स्वतः बसा आणि मुद्दाम चार वेळा एकाच पद्धतीनं चुका. अ‍ॅपनं आपली वाट बदलली तर ठेवा. फुगेच फुगवत राहिलं तर काढून टाका, तेवढीच मेमरी मोकळी.

भाषेचा एक घोळ यात मोठा आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो, दशक नंतर. त्रे-चाळीस. ऐकून लिहिणारं पोर आधी ३ लिहितं, मग ४, झाले ३४. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारी तर प्रत्येक वर्गात असतात, कारण कानावर पडलेलं शेवटचं 'तीस' असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. थट्टा करणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गात किती जण बसले होते, कुणास ठाऊक. मुद्दा असा की इंग्रजीतून नुसतं भाषांतर केलेल्या अ‍ॅपला ही चूक कुठून येते ते ठाऊकच नसतं. इंग्रजीत चाळीस आधी येतात. ते ३४ ला साधी चूक समजून तीच संख्या पुन्हा तशीच ऐकवत बसतं. मराठी पोरांसाठी केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे मराठी अक्षरं असलेलं नव्हे, मराठी चुका ओळखणारं.

वाचनाचंही तसंच. गूगलचं 'रीड अलाँग' हे मोफत अ‍ॅप मूल मोठ्यानं वाचत असताना ऐकतं आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतं. मराठी गोष्टी त्यात आहेत, एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. लाजरी पोरं माझ्यासमोर वाचायला कचरतात, यंत्रासमोर वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण 'पाणी'ला 'पानी' वाचणाऱ्या पोराला मी बरोबर धरते, कारण त्यानं अक्षरं वाचली आणि अर्थही कळला. यंत्राचा कान एवढा सैल असेलच असं नाही. ज्या पाड्यांवर घरची भाषा पावरी, कोरकू किंवा वारली आहे, तिथं तर यंत्राच्या 'चूक'वर विसंबूच नये. तिथं त्याच फोनचा दुसरा उपयोग चांगला. गावातल्या एखाद्या आजीकडून तिच्या बोलीत गोष्ट रेकॉर्ड करून घ्यावी, ती वर्गात ऐकवावी, आणि तीच गोष्ट मराठीत फळ्यावर लिहावी. खर्च शून्य.

क्यूआर कोडबद्दल न बोलता पुढं गेले तर लोक विचारतील. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड बसवले. ती कल्पना पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. क्यूआर कोड म्हणजे जादू नव्हे. त्या काळ्यापांढऱ्या चौकटींत बहुधा इंटरनेटवरचा एक पत्ता लिहिलेला असतो, बाकी काही नाही. कॅमेरा तो पत्ता वाचतो आणि तुम्हाला तिथं नेतो. बालभारतीच्या पुस्तकातला कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' अ‍ॅपवर त्या पाठाच्या साहित्याकडे नेतो. यातली खरी कमाई म्हणजे शोधण्याचा वेळ वाचतो, आणि पोरगं यूट्यूबवर पाठ शोधता शोधता भलतीकडे जात नाही. पण पत्ता माहीत असून रस्ताच नसेल तर? आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या चिंचेखाली येते, वर्गात नाही. म्हणून मी रविवारी तालुक्याच्या गावी गेले की आठवड्याचं साहित्य उतरवून मेमरी कार्डावर घेऊन येते. 'कोलिब्री'सारखी मोफत प्रणालीही आहे. एका छोट्या संगणकावर धडे आणि सराव साठवून ठेवायचे, त्याला वायफायचं खोकं जोडायचं, आणि इंटरनेट नसतानाही वर्गातल्या टॅबना ते मिळतात. खेड्यातल्या शाळेनं कुठलीही वस्तू घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: नेट नसताना हे चालतं का?

दुसरा प्रश्न विजेचा. टॅबच्या बॅटरीत साधारण वीस ते पंचवीस वॅट-तास मावतात. दहा टॅब पूर्ण चार्ज करायला, गळती धरून, एका युनिटचा एक तृतीयांश पुरे. तेवढ्याच विजेत आमचा टीव्ही चार तास चालतो. प्रोजेक्टर मात्र तासाभरातच ती संपवतो आणि वर खोली अंधारी करावी लागते, म्हणजे पंखा बंद असताना खिडक्याही बंद. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखाली हे करून बघा. टॅब रात्री चार्ज होतात, दिवसा वीज गेली तरी चालतात. बिल थकून वीज तुटली तर शेजारच्या घरून चार्ज करून आणता येतात. टीव्ही डोक्यावर घेऊन कोण जाणार?

पैशाचं गणितही सांगते. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या निकषानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, नळाची तोटी, सगळं. त्यातून टॅब निघत नाहीत. आमचे पाच टॅब लोकवर्गणीचे. पाचच पुरतात का? पुरवले.

पहिला महिना फार वाईट गेला, हे आधी कबूल करते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली अकरा मिनिटं टॅब वाटण्यात, चालू करण्यात आणि 'बाई, ह्याच्यात येईना' ऐकण्यात जायची. मी घड्याळ लावून मोजलं. मग टॅबच्या पाठीवर नेलपॉलिशनं आकडे काढले, चौथीतले दोन मॉनिटर नेमले, आणि परिपाठाच्या आधीच अ‍ॅप उघडून टॅब चटईवर मांडून ठेवायचं त्यांना शिकवलं. आता तीन मिनिटं लागतात. पाच टॅब, दोघांत एक, म्हणजे एका वेळी दहा पोरं टॅबवर. सातेक माझ्यासमोर वाचनाला. बाकीची मणी, काड्या किंवा गोष्टीच्या पुस्तकांवर. वीस मिनिटांनी गट फिरतात.

दोघांत एक टॅब म्हटलं की तो कुणाच्या हातात राहतो? पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलगा-मुलगी जोडीत टॅब मुलाच्या मांडीवर आणि मुलगी शेजारून मान वाकडी करून बघतेय. मी 'वाटून घ्या' म्हणून दमले. शेवटी नियम केला, दर पाच उदाहरणांनी टॅब हलायचा, आणि ज्याच्या हातात नाही त्यानं उत्तराआधी कारण सांगायचं. आता गोंगाट होतो. पण गोंगाट वजाबाकीचा असतो.

पहिलीच्या मुलांना टॅब द्यायला माझा विरोध आहे, माझ्या सहकारी सरांचा नाही. त्यांच्या मते बोट फिरवून अक्षर गिरवलं तरी ते गिरवणंच. मला वाटतं वाळूत, पाटीवर, मातीत गिरवलेल्या अक्षराला हातात काहीतरी लागतं, काचेवर ते लागत नाही. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

टॅबचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा पोरांना दिसतच नाही. शुक्रवारी मी अहवाल उघडते. कोणाचं कुठं अडलं त्याची नावं असतात. चौघं दशक फोडण्यात, दोघी शून्यात, ५०३ वजा १४८ सारख्या उदाहरणात. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी त्या सहा जणांना घेऊन बसते, फक्त तेवढ्यासाठी. आधी कुणाला घेऊन बसायचं हे कळायलाच आठवडा जायचा. हा अहवाल माझ्यासाठी असतो, वर पाठवायचा नसतो, ही त्याची आणखी एक चांगली बाजू. कारण शिक्षकाच्या हातातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तंत्रज्ञान म्हणजे त्याचा स्वतःचा मोबाइल, आणि तो बहुतेक वेळ वर माहिती पाठवण्यात जातो. हजेरी भरा, पोषण आहाराची नोंद टाका, वृक्षारोपणाचे फोटो अपलोड करा, लिंक आज सायंकाळपर्यंत. शाळेत तंत्रज्ञान आलं का, असं विचारलं की मी म्हणते, आलं की, ते माझ्या तासिकेतूनच आलं.

कोरोनाचा काळ थोडक्यात. मार्च २०२० ला बंद झालेले ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ ला उघडले. मध्यंतरी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका चालू होती, ती आमच्या वाडीतली पोरं बघायची, कारण टीव्ही एका ओसरीवर दहा जणांना पुरतो. फोनवरच्या अभ्यासाचं मात्र अवघड होतं. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप ऊसतोडीला. 'असर'च्या पाहणीत घरी स्मार्टफोन असलेली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. घरात फोन आहे आणि पोराला तो मिळतो, यातलं अंतर त्या काळात सगळ्या शिक्षकांनी मोजलं.

एक फजितीही लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाची व्हायला नको म्हणून. टॅबवरची खाती माझ्या आधीच्या शिक्षकांच्या मोबाइल नंबरवर उघडलेली होती. त्यांची बदली झाली. जून उजाडला, टॅब उघडले, तर आत जायला ओटीपी हवा. ओटीपी जायचा त्यांच्या फोनवर, आणि ते होते घाटापलीकडे, जिथं रेंजसाठी टेकडी चढावी लागते. दोन आठवडे आम्ही एकमेकांच्या टेकडीवर चढण्याच्या वेळा जुळवत होतो. आता खाती शाळेच्या नंबरवर आहेत आणि पासवर्ड जडसंग्रह नोंदवहीच्या शेवटच्या पानावर.

गेल्या दिवाळीत गावातले एक जण पुण्याहून आले. आजोबांच्या नावानं शाळेला दुसरा टीव्ही द्यायचा म्हणाले. मी त्यांना चटईवर बसवलं, पोरांच्या मधोमध. एक टॅब चार्जिंगला लावलेला होता, कारण आमच्या बोर्डाला चालू पॉइंट एकच. ते सगळं बघून म्हणाले, "बाई, मग नेमकं काय देऊ?" मी म्हटलं, चांगल्या कंपनीचा दहा सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड, पाच रबरी कव्हरं, आणि एक कुलुपाची पेटी. त्यांचा चेहरा पडला. एवढ्याशा वस्तूवर नाव कुठं लिहायचं?

नाव लिहिलंय. पेटीच्या झाकणावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं, 'कै.' सकट. मॉनिटर पोरं आता तिला 'आजोबा' म्हणतात. "बाई, आजोबात चार नंबर नाही ठेवला, त्याची बॅटरी अकरा टक्के हाय."